खालच्या पायरीवरचे मैदान आणि बाहेरगावचा प्रेक्षक

रूढ समजूत आणि तिच्यामागचे गृहीत

तालुक्याच्या किंवा एखाद्या लहान गावाच्या मैदानावरचा सामना पाहण्यासाठी दुसऱ्या गावाहून मुद्दाम येणारा प्रेक्षक सुशिक्षितांच्या लेखी एक तर रिकामटेकडा असतो, नाही तर गावाकडच्या आठवणींनी हळवा झालेला शहरी माणूस असतो. दोन्ही मतांच्या तळाशी एकच गृहीत आहे. ते असे की, खेळाचे खरे रूप वरच्या पायरीवर, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धांत आणि दूरचित्रवाणीवरच्या लीगमध्ये दिसते. खाली जे चालते ती त्याचीच कच्ची, अपुरी आवृत्ती असते, आणि उत्तम खेळ घरबसल्या पाहायला मिळत असताना पन्नास किलोमीटर जाऊन मध्यम खेळ पाहण्यात वेळेचा अपव्ययच आहे. हे गृहीत इतके सर्वमान्य झाले आहे की खालच्या पायरीवरच्या खेळाचे कैवारीसुद्धा तेच मान्य करून, ‘येथूनच उद्याचे खेळाडू घडतात’ एवढ्या एका आधारावर त्याचा बचाव करतात.

या लेखाचे प्रतिपादन वेगळे आहे. खालच्या पायरीवरचा सामना स्वतःपुरता पूर्ण असतो. खेळाची पारख प्रामुख्याने अशाच मैदानांच्या कडेला घडते. आणि ती पारख गावाच्या अभिमानात अडकून पडू नये यासाठी कोणत्याही संघाशी न बांधलेला, गावोगाव फिरणारा प्रेक्षक आवश्यक असतो. या प्रतिपादनाची तपासणी येथे अमरावती आणि अकोला या वऱ्हाडातील दोन जिल्ह्यांच्या, आणि मुख्यतः कबड्डीच्या आधारे केली आहे.

कबड्डीच का, याचे उत्तर या भूमीच्या इतिहासात आहे. १९१४ मध्ये अमरावतीत वैद्य बंधूंनी उभारलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने देशी व्यायाम आणि देशी खेळ यांना शिस्तबद्ध शिक्षणाचे रूप दिले, आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी याच मंडळाच्या पथकाने कबड्डीसह भारतीय खेळांची प्रात्यक्षिके परदेशी प्रेक्षकांसमोर सादर केली. फुटबॉलचे वेड पाहायचे तर नागपूरजवळच्या कामठीला जावे लागते. वऱ्हाडातल्या खेड्यात मात्र चार हॅलोजन, थोडी फक्की आणि सपाट केलेली जागा एवढ्यावर कबड्डीची स्पर्धा उभी राहते.

१. ‘रोपवाटिका’ ही कल्पना अपुरी का पडते

खालच्या पायरीला वरच्या पायरीची रोपवाटिका मानणारी विचारसरणी उदार दिसते, पण ती मैदानाचे मोल तेथून निघून गेलेल्या माणसावरून ठरवते. यष्टिरक्षक-फलंदाज जितेश शर्मा अमरावतीचा, म्हणून अमरावतीच्या क्रिकेट मैदानांना महत्त्व. अथर्व तायडे, दर्शन नळकांडे आणि आदित्य ठाकरे अकोल्याचे, म्हणून अकोला क्रिकेट क्लबच्या मैदानाला महत्त्व. या खेळाडूंचा अभिमान योग्यच आहे. परंतु याच हिशेबाने त्याच मैदानांवर वर्षानुवर्षे खेळून कोठेही न गेलेल्या शेकडो खेळाडूंचे सामने निष्फळ ठरतात, आणि ते सामने पाहणारे प्रेक्षक एका न आलेल्या पिकाची राखण करणारे ठरतात.

विदर्भाच्या क्रिकेटचा इतिहासच हा हिशेब खोटा ठरवतो. विदर्भाचा संघ १९५७-५८ च्या हंगामात रणजी स्पर्धेत उतरला आणि पहिले अजिंक्यपद त्याने २०१७-१८ मध्ये मिळवले. मधल्या साठ वर्षांत काही हंगाम हा संघ ‘प्लेट’ गटात, म्हणजे रणजीच्या दुय्यम श्रेणीत खेळला. ही साठ वर्षे केवळ प्रतीक्षेची मानली, तर त्या काळात मैदानावर येऊन बसलेल्या प्रत्येक माणसाने जे पाहिले ते २०१८ च्या जानेवारीपर्यंत निरर्थक होते आणि त्या महिन्यात अचानक सार्थ झाले, असे म्हणावे लागेल. पाहिलेल्या सामन्याचा अर्थ असा मागाहून बदलत नाही. चांगला टाकलेला चेंडू टाकला गेला तेव्हाच चांगला होता. पुढे कोणी करंडक जिंकला म्हणून त्याचा टप्पा सुधारत नाही.

रोपवाटिकेची कल्पना आणखी एका कारणाने तोकडी आहे. तिला वरची पायरी आणि खालची पायरी यांच्यामध्ये चालता रस्ता आहे असे गृहीत धरावे लागते. इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये तो आहे. एका पायरीवरचा विजेता वरच्या पायरीवर चढतो आणि तळाचा संघ खाली उतरतो. त्यामुळेच आपला क्लब दुसऱ्या शहरात हलवण्यास परवानगी मिळाल्यावर विम्बल्डनच्या समर्थकांनी २००२ मध्ये नव्याने स्थापन केलेला क्लब खालच्या श्रेणीतून सुरुवात करून, नऊ वर्षांत पाच बढत्या मिळवून, २०११ मध्ये फुटबॉल लीगमध्ये पोहोचू शकला. भारतात २०१४ मध्ये सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीगमध्ये असा रस्ता नाही. तेथे संघ चढत नाहीत, फक्त निवडलेले खेळाडू उचलले जातात. महाराष्ट्रातले दोन्ही संघ मुंबई आणि पुण्याचे, म्हणजे अमरावतीहून पाचशे किलोमीटरपेक्षा लांबचे. गावाच्या संघाला जेथे कधीच पोहोचता येणार नाही, त्या ठिकाणाच्या मापाने त्याचा सामना मोजणे हा विचाराचा दोष आहे.

२. सामना पूर्ण असतो म्हणजे काय

पूर्णतेचा अर्थ येथे उत्कृष्टता असा नाही. ज्या सामन्यात खेळाचे सर्व नियम लागू आहेत, निकाल खरोखर अनिश्चित आहे, हरण्या-जिंकण्याची किंमत खेळणाऱ्यांना मनापासून वाटते आणि पाहणाऱ्याला खेळाच्या प्रत्येक अंगाचा प्रत्यय येऊ शकतो, तो सामना पूर्ण. या कसोटीवर गावच्या कबड्डीचा सामना दूरचित्रवाणीवरच्या सामन्यापेक्षा काही बाबतींत अधिकच पूर्ण ठरतो. हे विधान धाडसी वाटेल, म्हणून त्याचे दोन आधार सविस्तर मांडणे इष्ट आहे.

*दमाचा आवाज.* कबड्डीचे वेगळेपण एका अटीत आहे: चढाई करणाऱ्याने प्रतिस्पर्ध्यांच्या अंगणात शिरल्यापासून मध्यरेषेवर परत येईपर्यंत एका श्वासात, न तुटता, स्पष्टपणे ‘कबड्डी’चा उच्चार चालू ठेवायचा असतो. याला दम घालणे म्हणतात, आणि दम तुटला की चढाई संपली. पुढे चढाईला तीस सेकंदांची मर्यादा आली आणि दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकाला चढाई म्हणजे पडद्यावर उतरत जाणारे आकडे अशी सवय लागली. दमाची अट नियमांत आजही आहे. पण समालोचन, संगीत आणि हजारोंचा गोंगाट यांच्या खाली ती पाहणाऱ्याच्या जाणिवेतून जवळजवळ पुसली गेली आहे. गावच्या मैदानाच्या कडेला, चढाईपटूपासून तीन-चार मीटरवर बसलेल्या माणसाला मात्र तो दम ऐकू येतो. चढाईच्या सुरुवातीला उच्चार खुला आणि सैल असतो. कोपऱ्यातला रक्षक पुढे सरकताच तो आखूड होतो. पाय धरला जाताना त्यात घशाचा घासणारा सूर मिसळतो. आणि मध्यरेषेकडे झेपावताना तो तुटला की टिकला, यावर क्षणभर सारे मैदान कान लावून बसलेले असते. कबड्डी हा डोळ्यांइतकाच कानांचाही खेळ आहे, ही गोष्ट मैदानाच्या कडेलाच कळते. त्या अंतराला पर्याय नाही.

*मातीचा हिशेब.* वरच्या पायरीवर आता सर्वत्र मॅट आहे. मॅट सगळीकडे सारखीच असते, आणि निष्पक्ष स्पर्धेसाठी तो तिचा गुणही आहे. गावच्या स्पर्धा अजूनही बऱ्याच ठिकाणी मातीवर होतात, आणि वऱ्हाडची माती म्हणजे काळी, कपाशीची, पाण्याने फुगणारी आणि उन्हाने भेगाळणारी. या मातीवर १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असे पुरुषांचे कबड्डीचे मैदान करायचे तर ढेकळे फोडावी लागतात, खडे वेचावे लागतात, वर बारीक माती पसरावी लागते, पाणी मारून ती बसवावी लागते आणि ओल नेमकी किती राहिली हे पायाने चाचपून ठरवावे लागते. ओल जास्त राहिली तर चढाईपटूचा पाय वळताना घसरतो, कमी राहिली तर चार सामन्यांत धूळ उडू लागते. मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर निदानरेषा आणि तिच्यापलीकडे एक मीटरवर बोनस रेषा फक्कीने आखली जाते. समोर सहा किंवा सात रक्षक असताना चढाईपटूचा एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकला आणि त्याच क्षणी दुसरा हवेत असला तर एक गुण मिळतो. मातीच्या मैदानावर पाय रेषेवर पडला असेल तर फक्की विस्कटते आणि तो पुरावा क्षणभर सर्वांच्या डोळ्यांसमोर राहतो. पंच वाकून पाहतो, रक्षक बोट दाखवतो, चढाईपटू तळवा वर करून दाखवतो. चार-पाच चढायांनंतर ती रेषा पुन्हा आखावी लागते. रेषा म्हणजे कोणीतरी आखलेली, पुसली जाणारी आणि पुन्हा आखावी लागणारी गोष्ट आहे, हे ज्याने पाहिले आहे त्याला खेळातील न्याय ही माणसांनी राबून टिकवायची व्यवस्था आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

याला जोडून वजनगटांचा उल्लेख करायला हवा. गावच्या स्पर्धांत खुल्या गटाबरोबर ठरावीक किलोंच्या आतल्या संघांचे सामनेही होतात आणि सामन्याआधी काट्यावर वजन घेतले जाते. हलक्या गटातला खेळ वेगळ्याच तालाचा असतो: तेथे एकट्याने पकड करणे कठीण, म्हणून दोघांनी हात धरून केलेली साखळी महत्त्वाची, अंगाच्या जोरापेक्षा पावलांची फसवणूक महत्त्वाची. दूरचित्रवाणीवर हे हलके गट सहसा दिसत नाहीत. खेळाची ही एक संपूर्ण शाखा खालच्या पायरीवरच जिवंत आहे, आणि ती पाहायची तर तेथेच जावे लागते.

३. पारख घडते कशी

पारख म्हणजे गुणफलकावरचा निकाल न पाहताही खेळ चांगला झाला की वाईट, आणि का, हे ओळखण्याची शक्ती. ती दोन अटींवर घडते. पहिली अट जवळून पाहण्याची. तिचा विचार वर झाला. दुसरी अट तुलनेची आहे, आणि फिरत्या प्रेक्षकाचे खरे कार्य येथे सुरू होते.

एकाच गावात राहून दरवर्षी एकाच मैदानावर सामने पाहणाऱ्याला आपल्या गावच्या खेळाचे गुणदोष निसर्गनियमासारखे वाटू लागतात. आपल्याकडचा उजवा कोपरा नेहमी पाय धरतो, म्हणून पाय धरणे म्हणजेच पकड. आपल्याकडचे पंच बोनस सढळपणे देतात, म्हणून तसा देणे हाच नियम. दर्यापूर, अंजनगाव, अचलपूर, अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूर अशा तालुक्यांतले सामने एकाच हंगामात पाहणाऱ्या माणसाला हे भेद दिसतात. कोणत्या भागात बचाव मागे सरकून वाट पाहतो आणि कोठे तो चढाईपटूच्या अंगावर जातो, माती कोठे जड आणि त्यामुळे चढाई कोठे संथ, कोठे लोण चढल्यावर, म्हणजे सातही खेळाडू बाद झाल्यावर, संघ खचतो आणि कोठे त्याच क्षणी पेटतो, हे त्याच्या मनात एकमेकांशेजारी उभे राहते. स्थानिक प्रेक्षकाचे ज्ञान खोल असते, फिरत्याचे रुंद. खेळाच्या संस्कृतीला दोन्ही लागतात. आज पहिल्याला निदान गावकरी म्हणून मान आहे, दुसऱ्याला कोणताच नाही.

बाहेरगावच्या प्रेक्षकाचे आणखी एक कार्य साक्षीदाराचे आहे. यजमान गावाचे दडपण पंचावर येते, ही गोष्ट कोणत्याही पातळीवरच्या खेळाला नवी नाही. सर्व प्रेक्षक यजमानांचेच असतील तर चुकीचा निर्णय मैदानाबाहेर कोणाला कळत नाही. पण ज्यांना जिंकणाऱ्याशी काही देणेघेणे नाही असे वीस-पंचवीस लोक कडेला बसलेले असतील, तर निर्णयाला गावाबाहेर जाणारी एक स्मृती मिळते, आणि पुढच्या वर्षी त्या स्पर्धेला कोणते संघ येतील हे अंशतः त्या स्मृतीवर ठरते. बक्षिसाची रक्कम संघांना एकदा आणू शकते. दुसऱ्यांदा त्यांना आणते ते मैदानाचे नाव.

४. ही परंपरा वऱ्हाडला परकी नाही

कोणाला वाटेल की सामन्यांसाठी फिरणे ही इंग्लंड-जर्मनीच्या फुटबॉलमधून आयात झालेली हौस आहे. वऱ्हाडात तिला जुनी मुळे आहेत. कुस्तीच्या दंगलींना शौकीन पंचक्रोशीतूनच नव्हे, शेजारच्या जिल्ह्यांतूनही येत आले आहेत. अमरावती जिल्ह्यातल्या धामणगाव रेल्वे तालुक्यातील तळेगाव दशासरचा शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, अशाच बाहेरगावच्या शौकिनांमुळे मोठा झाला. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये घातलेल्या बंदीनंतर अशा शर्यती थांबल्या, डिसेंबर २०२१ मध्ये त्यांना पुन्हा परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने संबंधित कायदे वैध ठरवले. प्राण्यांना होणाऱ्या यातनांचा प्रश्न त्यामुळे निकाली निघाला असे नव्हे. तो स्वतंत्र आणि गंभीर प्रश्न आहे. येथे मुद्दा प्रेक्षकाचा आहे. पटाला जाणारा शौकीन स्वतःची जोडी नसतानाही जातो. जोडीची ठेवण, ती हाकणाऱ्या धुरकऱ्याचा हात, धावेच्या वाटेची माती यांवर तो तासन्‌तास बोलू शकतो. आणि सेकंदाच्या अंशाने ठरलेल्या निकालापेक्षा जोडी कशी सुटली याची आठवण तो अधिक काळ ठेवतो. हीच वृत्ती कबड्डीच्या मैदानाकडे वळवली की या लेखाला अभिप्रेत असलेला प्रेक्षक तयार होतो.

या वृत्तीला ऋतूचाही आधार आहे. हिवाळ्यात सोयाबीन निघालेले असते, कपाशीची वेचणी चालू असते, रात्री थंडी पडते आणि जमीन कोरडी असते. गावोगावच्या स्पर्धांचा मुख्य हंगाम तोच. एप्रिल-मे महिन्यांत अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो तेव्हा दिवसा मैदानावर उभे राहणेही अशक्य होते. प्रवासाची साधनेही ठरलेली आहेत. भुसावळ-नागपूर लोहमार्गावर अकोला, मूर्तिजापूर आणि बडनेरा ही स्थानके असली तरी मैदाने स्थानकांजवळ नसतात, आणि रात्री उशिरा संपणाऱ्या अंतिम सामन्यानंतर परतीची बस नसते. त्यामुळे संध्याकाळच्या मुक्कामी एसटीने गावी पोहोचायचे, सामना संपल्यावर मंडपातच अंग टाकायचे आणि पहाटे त्याच गाडीने तालुक्याला परतायचे, हा क्रम अनेकांच्या अंगवळणी पडलेला आहे.

५. मैदाने मोजणे आणि मैदाने पाहणे

इंग्लंडमध्ये वरच्या चार श्रेणींतील सर्व ९२ क्लबांच्या मैदानांवर सामना पाहिलेल्या प्रेक्षकांचा एक क्लब १९७८ पासून आहे. त्यामागची चिकाटी आदराला पात्र आहे, परंतु अशा उपक्रमात आकडा हेच साध्य होण्याचा धोका असतो. एक मैदान ‘झाले’ की प्रेक्षक पुढच्याकडे निघतो, आणि तुलनेसाठी लागणारी दुसरी भेट राहून जाते. या लेखातील प्रतिपादनाला मोजणारा प्रेक्षक पुरेसा नाही. त्याच मैदानावर दुसऱ्या हंगामात परतणारा, त्याच खेळाडूला एका वर्षाने जड झालेला किंवा शहाणा झालेला पाहणारा प्रेक्षक हवा. वऱ्हाडात मैदानांची यादी तशीही कोठे तयार नाही, त्यामुळे मोजण्याचा मोह येथे कमी आहे. हे एका अर्थी बरेच आहे.

संभाव्य आक्षेप

*दर्जाचा आक्षेप.* खालच्या पायरीवर चुका अधिक होतात, मग चुका पाहण्यासाठी का जावे? याचे उत्तर असे की चुकीशिवाय कौशल्य दिसत नाही. अव्वल दर्जाच्या बचावात कोपरा आणि मध्यरक्षक एकाच क्षणी हलतात, आणि हलण्याचा निर्णय कोणी घेतला हे पाहणाऱ्याला कळत नाही. मध्यम संघात हा समन्वय कधी जमतो, कधी फसतो. फसतो तेव्हा त्याचे घटक सुटे होऊन दिसतात. साखळीतला एक जण पुढे गेला आणि दुसऱ्याने हात सोडला, हे पाहिल्यावरच जमलेल्या साखळीचे मोल कळते. ज्याने खालच्या पायरीवर बरेच पाहिले आहे तो वरच्या पायरीवरचा सामनाही अधिक पाहू शकतो, हा अनुभव जाणकार प्रेक्षकांत सार्वत्रिक आहे. उलट दिशेने मात्र तसे घडत नाही.

*पैसा आणि पुढारी.* गावच्या स्पर्धा आता बक्षिसांच्या रकमांवर चालतात, फलकांवर पुढाऱ्यांचे चेहरे असतात, निवडणूक जवळ आली की स्पर्धा वाढतात, आणि गावाच्या नावाने उतरलेल्या संघात मानधनावर बाहेरून आणलेले खेळाडू असतात. मग यात गावाचे काय उरले? आक्षेप खरा आहे, आणि तो सौम्य करून सांगण्यात अर्थ नाही. तरीही दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. कुस्तीच्या दंगलीत बाहेरचा मल्ल बोलावणे ही जुनी रीत आहे; गावाची प्रतिष्ठा तेथे मल्लापेक्षा आखाड्यात आणि आतिथ्यात होती, आणि कबड्डीतही ती मैदानात, पंचगिरीत, पाहुण्या संघाच्या जेवणा-निजण्याच्या सोयीत असू शकते. दुसरे म्हणजे, पुढाऱ्याला हवी असते ती गर्दी. गर्दी केवळ उद्घाटनापुरती थांबून निघून जाणारी असेल तर स्पर्धा त्याच्या हातातले साधन होते. ती उपांत्य सामन्यापर्यंत जमिनीवर बसून चुकीच्या निर्णयाला नाव ठेवणारी असेल, तर पुढाऱ्यालाच खेळाच्या वेळापत्रकाप्रमाणे वागावे लागते.

*स्त्रियांचा प्रश्न.* हा सर्वांत भारी आक्षेप आहे. बाहेरगावचा प्रेक्षक म्हणून आतापर्यंत ज्याचे वर्णन केले तो व्यवहारात पुरुषच असतो. रात्रीचे सामने, बसायला जागा नाही, स्वच्छतागृह नाही, मुक्काम मंडपात: या परिस्थितीत अमरावतीच्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयात कबड्डी शिकलेली, खेळाची उत्तम जाण असलेली तरुणीसुद्धा चांदूर बाजारचा अंतिम सामना पाहायला एकटी जाऊ शकत नाही. मार्च २०२३ पासून एसटीच्या भाड्यात स्त्रियांना निम्मी सवलत आहे, पण रात्री अकराला गाडीच नसेल तर सवलतीचा उपयोग काय? तळेगावच्या पटात महिला धुरकऱ्यांच्या फेऱ्या होतात आणि त्या पाहायला स्त्रिया मोठ्या संख्येने येतात, कारण त्या दिवसा होतात. महिला गटाचे आणि वजनगटांचे सामने दुपारी ठेवणे, अंतिम सामना संध्याकाळी आठच्या आत संपवणे आणि दोन तात्पुरती स्वच्छतागृहे उभारणे, या कोणत्याही आयोजकाला बक्षिसाच्या रकमेच्या लहानशा हिश्श्यात करता येण्याजोग्या गोष्टी आहेत. त्या होत नाहीत तोवर पारखीविषयीचे येथील सर्व प्रतिपादन अर्ध्या समाजापुरतेच लागू आहे, हे स्पष्टपणे मान्य केले पाहिजे.

*हलाखीचे कौतुक.* खालच्या पायरीवरच्या मैदानाची स्तुती करताना तेथील गैरसोयींचीच स्तुती होऊ लागते, हा शेवटचा आक्षेप. मातीविषयी वर जे लिहिले त्याला तो थेट लागू होतो. नीट न बसलेल्या मातीत खडा राहिला तर गुडघा फुटतो तो खेळाडूचा. अपुऱ्या उजेडात पकड चुकून मान दुखावते ती रक्षकाची. आणि जवळचे उपजिल्हा रुग्णालय कित्येक किलोमीटरवर असते. हंगामभर मजुरी करून रात्री खेळणाऱ्या मुलाचा पाय मोडला तर त्याचे दोन महिन्यांचे उत्पन्न बुडते. म्हणून मातीच्या मैदानाचे रक्षण म्हणजे निष्काळजीपणाचे रक्षण होऊ नये. माती ठेवावी, पण ती नीट तयार केलेली असावी. मैदानाशेजारी रुग्णवाहिका उभी असल्याशिवाय पहिली चढाई होऊ नये. मॅट आणि माती यांतली निवड खेळाच्या दृष्टीने करावी, खर्च वाचवण्यासाठी नव्हे.

यातून निष्पन्न होणारी व्यवस्था

कबड्डीच्या राष्ट्रीय स्पर्धेत विदर्भाचा संघ महाराष्ट्रापासून स्वतंत्रपणे उतरतो, म्हणजे वरच्या टोकाला या प्रदेशाची स्वतंत्र ओळख आहे. खालच्या टोकाला गावोगावच्या खुल्या स्पर्धा आहेत. या दोहोंच्या मधली जागा रिकामी आहे. तालुका, जिल्हा आणि विभाग अशा तीन पायऱ्यांची, वर्षभर चालणारी, चढ-उताराची स्पर्धा अमरावती महसूल विभागाच्या पाच जिल्ह्यांत उभारली, तर संघाला पुढच्या हंगामाचा विचार करावा लागेल आणि एका रात्रीपुरते खेळाडू आणण्याची निकड आपोआप कमी होईल. राजस्थानच्या क्रिकेट संघाने २०१०-११ मध्ये दुय्यम गटातून खेळत रणजी करंडकच जिंकला, तो असा रस्ता अस्तित्वात होता म्हणून. अशी स्पर्धा घेण्यासाठी नवी क्रीडा संकुले लागत नाहीत. अकोल्याचे वसंत देसाई क्रीडांगण आणि अमरावतीच्या मंडळाचे मैदान वरच्या पायरीसाठी आहेतच. खालच्या पायऱ्यांसाठी शाळांची मैदाने पुरतात.

प्रेक्षकाच्या बाजूने दोन गोष्टी तातडीच्या आहेत. पहिली, सामन्यांची आगाऊ माहिती. आज ती गावातल्या फलकावर किंवा ओळखीच्या माणसाच्या मोबाइलवर मिळते. जिल्हा संघटनेने हंगामाच्या सुरुवातीला तारखा, गावे, गट आणि सामने सुरू होण्याची वेळ एकत्र छापून तालुक्याच्या प्रत्येक एसटी स्थानकावर लावली, तर बाहेरगावच्या माणसाला कोठे जायचे हे ठरवता येईल. दुसरी गोष्ट नोंदीची. प्रत्येक सामन्यात गुणलेखक चढाईगणिक गुण लिहितो, आणि त्या कागदात कोणत्या मिनिटाला लोण चढला, बोनस किती मिळाले, कोणाची पकड झाली हे सर्व असते. स्पर्धा संपल्यावर त्या कागदांची एक प्रत अकोल्याच्या बाबूजी देशमुख वाचनालयासारख्या जुन्या सार्वजनिक वाचनालयात किंवा अमरावतीच्या व्यायाम मंडळात वर्षवार बांधून ठेवली, आणि ती कोणालाही पाहता आली, तर पुढच्या डिसेंबरात मुक्कामी गाडीत बसण्याआधी एखाद्याला कळू शकेल की ज्या गावी तो निघाला आहे तेथला डावा कोपरा गेल्या हंगामात किती वेळा एकट्याने पकड करून गेला होता, आणि या खेपेला त्याच्यासमोर कोणता चढाईपटू उभा राहणार आहे.